नोटिशीच्या आधीचे नव्वद दिवस

मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर बारीक टाइपातल्या चौकटी छापून येतात. वर ‘मागणी सूचना’ किंवा ‘ताबा सूचना’ असा मथळा, खाली कर्जदार, सहकर्जदार आणि जामीनदार यांची नावे, मग मिळकतीचे वर्णन: फ्लॅट क्रमांक, मजला, इमारतीचे नाव, मौजे कुळगाव किंवा मौजे चिखलोली, तालुका अंबरनाथ, जिल्हा ठाणे, चटईक्षेत्र अमुक चौरस फूट, चतुःसीमा. शेवटच्या रकान्यात थकबाकी आणि तारीख. कर्ज हाताबाहेर गेले आहे हे अनेक घरांत बाकीच्या माणसांना कळते ते अशी चौकट छापून आल्यावर किंवा दारावर कागद चिकटल्यावर. मग वकील शोधला जातो, ओळखीचा नगरसेवक गाठला जातो, कुणीतरी ‘सेटलमेंट करून देणाऱ्या’ माणसाचा नंबर देतो. माझे म्हणणे असे आहे की मदत याच्या कितीतरी आधी उपलब्ध असते, आणि तेव्हाची मदत नंतरच्या मदतीपेक्षा स्वस्तही असते आणि भरवशाचीही. घर वाचवण्याची खरी मुदत पहिला हप्ता चुकतो त्या दिवशी सुरू होते आणि पुढच्या नव्वद दिवसांत तिचा मोठा भाग संपून जातो. त्यानंतर कायदा संरक्षण देतो, पण ते मुख्यतः बँकेने नियम पाळले की नाही एवढेच तपासते. ‘नोकरी गेली’, ‘घरात आजारपण आले’ ही कारणे शाखा व्यवस्थापकासमोर ऐकून घेतली जातात. कर्जवसुली न्यायाधिकरणासमोर त्यांना फारसे वजन उरत नाही.

हा प्रश्न उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात जास्त टोकदार होण्याला कारणे आहेत. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. अंबरनाथ वाढले ते आयुध निर्माणी आणि औद्योगिक वसाहतीच्या आधाराने. बदलापूर मात्र मुंबईत नोकरी आणि परवडणारे घर यांच्या शोधात लोक जसे पुढे सरकत गेले तसे वाढले. २००१ मध्ये लाखाच्या आत असलेली कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या जवळ गेली होती. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटरवर घर घेणाऱ्या माणसाने आधीच सगळी ओढाताण करून ते घेतलेले असते. पगाराचा मोठा हिस्सा हप्त्यात जातो, उरलेल्यातून लोकलचा पास, शाळेची फी, सोसायटीचा मेंटेनन्स. हाताशी शिल्लक अशी नसतेच. उल्हासनगरात तर घरटी छोटा व्यवसाय, कारागिरी, दुकानदारी. वालधुनी नदीच्या प्रदूषणावरून इथले जीन्स धुलाईचे कारखाने बंद झाले तेव्हा त्यावर जगणाऱ्या किती माणसांकडे पगाराची पावती होती? जिथे उत्पन्नाचा कागद नाही किंवा इमारतीच्या कागदपत्रांत खोट आहे, तिथे राष्ट्रीयीकृत बँक हात आखडता घेते. मग गरजू माणूस गृहवित्त कंपनीकडे जातो आणि जास्त व्याजाने कर्ज घेतो. म्हणजे ज्याचे उत्पन्न सर्वांत डळमळीत, त्याचाच हप्ता सर्वांत जड.

यात व्याजदर वाढले की काय होते ते एका हिशेबात पाहू. वीस लाखांचे कर्ज, वीस वर्षांची मुदत, सात टक्के व्याज. हप्ता बसतो सुमारे १५,५०० रुपये. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. तेवढीच वाढ या कर्जावर आली तर व्याज साडेनऊ टक्के आणि हप्ता सुमारे १८,६५०. महिन्याला तीन हजार रुपये जास्त. कर्ज अगदी नवे असेल तर आणखी वाईट घडते. साडेनऊ टक्क्यांनी वीस लाखांचे पहिल्या महिन्याचे व्याजच १५,८०० च्या वर जाते. जुना साडेपंधरा हजारांचा हप्ता भरत राहिलेल्या माणसाचे मुद्दल कमी होण्याऐवजी वाढत जाईल. या काळात अनेकांची मुदत त्यांना धड न कळता लांबली. त्याची दखल घेऊन रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी आदेश काढला: दर बदलताना कर्जदाराला परिणाम समजावून सांगा, हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडेथोडे, हे त्याला निवडू द्या, संस्थेच्या धोरणानुसार स्थिर दरावर जाण्याचा पर्याय द्या, आणि मुदत वाढवताना मुद्दलच फुगत जाईल अशी अवस्था येऊ देऊ नका. हा पर्याय मागणाऱ्याला मिळतो. त्यासाठी शाखेत लेखी अर्ज द्यावा लागतो आणि पोच घ्यावी लागते.

आता त्या नव्वद दिवसांचे गणित. समजा हप्त्याची तारीख ५ एप्रिल आणि त्या दिवशी खात्यात पैसे नव्हते. त्याच दिवसापासून खाते ‘विशेष उल्लेखाच्या’ पहिल्या पायरीवर येते. ५ मेपर्यंत तो हप्ता भरला नाही तर दुसरी पायरी, ४ जूनला तिसरी, आणि ४ जुलैला खाते थकीत, म्हणजे एनपीए. या मुदतीत एक बाब कर्जदाराच्या बाजूची आहे आणि तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. मोजणी सर्वांत जुन्या थकलेल्या रकमेपासून होते. म्हणजे जूनमध्ये तीन हप्ते एकदम भरणे जमत नसेल तरी एप्रिलचा एक पूर्ण भरला तर मोजणी मेपासून सुरू होते आणि महिनाभराचा श्वास मिळतो. खाते एकदा एनपीए झाले की ही सवलत संपते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की एनपीए झालेले खाते पुन्हा नियमित करायचे तर व्याज आणि मुद्दल यांची सगळी थकबाकी भरावी लागते, एखाददुसरा हप्ता चालत नाही. ३ जुलैला भरलेल्या एका हप्त्याचे मोल ५ जुलैला भरलेल्या तेवढ्याच रकमेपेक्षा इतके जास्त आहे, हे बँकेने कर्ज देतानाच सांगायला हवे.

याच मुदतीत इतर वाटाही उघड्या असतात. कमी व्याजाच्या बँकेकडे कर्ज वळवणे शक्य असते, पण हप्ता चुकल्याची नोंद पतअहवालात चढली की दुसरी बँक दारात उभे करत नाही. म्हणून हे काम अडचण दिसू लागताच, पहिला हप्ता चुकण्याच्याही आधी करायचे. आहे त्याच संस्थेत थोडे शुल्क भरून व्याजाचा फरक कमी करून घेता येतो. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत वर्षानुवर्षे काम केलेल्या कामगाराला गृहकर्ज फेडण्यासाठी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढता येते. म्हातारपणाची पुंजी मोडू नये हे खरे. पण घराचा लिलाव झाल्यावर म्हातारपण काढायचे कुठे? आणि एक कागद घरोघरी कपाटात पडून असतो: कर्जासोबत विकलेला विमा. कर्ज देताना अनेक संस्था कर्जदाराच्या आयुष्याचा विमा, कधी आजारपण किंवा अपंगत्वाचा, कधी मिळकतीचा विमा गळ्यात मारतात आणि त्याचा हप्ता कर्जाच्याच रकमेत जोडतात. कर्जदार वारला की विधवा पत्नी हप्त्यांच्या ओझ्याखाली दबते आणि तो विमा कुणालाच आठवत नाही. मंजुरीपत्र आणि खात्याचा पहिला उतारा काढून त्यात विम्याची रक्कम वजा झाली आहे का ते पाहणे, हे अशा घरातले पहिले काम.

सगळ्यांत अवघड सल्ला देणे भाग आहे. उत्पन्न पुन्हा उभे राहण्याची आशा नसेल तर घर स्वतः विकावे. यावर कुणीही म्हणेल की घर वाचवण्याची गोष्ट करता करता घर विकायला काय सांगता? आक्षेप रास्त आहे. पण दोन विक्रींत फरक किती पडतो ते पाहा. लिलावात मिळकत ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर विकली जाते. घेणाऱ्याला सोसायटीची थकबाकी, पाणीपट्टी, मालमत्ता कर, ताब्याची कटकट हे सगळे दिसत असते आणि तो तेवढा भाव पाडूनच बोली लावतो. जप्तीचा, जाहिरातीचा, मूल्यांकनाचा खर्च कर्जदाराच्याच खात्यावर चढतो. लिलावाची रक्कम कमी पडली तर उरलेल्या कर्जासाठी संस्था कर्जदाराच्या मागे राहतेच. याउलट स्वतः गिऱ्हाईक शोधले, बँकेकडून थकबाकीचे पत्र घेतले आणि खरेदीदाराच्या बँकेने परस्पर कर्ज फेडले, तर बाजारभाव मिळतो, पतअहवालावर डाग कमी पडतो आणि चार पैसे हातात राहिले तर बदलापुरातच भाड्याने राहता येते. हे मागणी नोटीस येण्याआधी करायचे, कारण ती आल्यावर सरफेसी कायद्याच्या कलम १३(१३) प्रमाणे बँकेच्या लेखी संमतीशिवाय मिळकत विकता येत नाही. संमती मागावी, अनेकदा मिळतेही. पण तोवर गिऱ्हाइकाला वास लागलेला असतो.

हा सरफेसी कायदा २००२ चा. न्यायालयात दावा न लावता तारण ठेवलेली मिळकत ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार त्याने बँकांना दिला. गृहवित्त कंपन्यांनाही तो आहे, आणि सहकारी बँकांनाही: पांडुरंग गणपती चौगुले विरुद्ध विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँक या कोल्हापूर जिल्ह्यातून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये तसा निकाल दिला. खाते एनपीए झाल्यावर कलम १३(२) ची मागणी नोटीस येते आणि साठ दिवस मिळतात. या साठ दिवसांत हात बांधून बसणे ही सर्वांत महागडी चूक. कलम १३(३अ) नुसार कर्जदार लेखी हरकत किंवा निवेदन देऊ शकतो आणि बँकेने ते फेटाळले तर पंधरा दिवसांत कारणांसह कळवणे तिच्यावर बंधनकारक आहे. मार्डिया केमिकल्सच्या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हरकतीला उत्तर देण्याचा आग्रह धरला, त्यानंतर ही तरतूद कायद्यात आली. निवेदनात गयावया नको. भरलेले पण खात्यात न दिसणारे हप्ते, दंडाच्या नावाने लावलेले व्याज, विम्याचा न मिटवलेला दावा, किती रक्कम कोणत्या तारखेपर्यंत भरता येईल, हे मुद्दे आकड्यांनिशी लिहायचे आणि रजिस्टर पोस्टाने पाठवायचे. पुढे जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करताना या हरकतीचे काय केले हे बँकेला प्रतिज्ञापत्रावर सांगावे लागते. म्हणून साध्या कागदावरचे ते निवेदन नंतर मोठे काम करते. आणखी एक तपासावे: मुद्दल आणि व्याज मिळून येणे वीस टक्क्यांहून कमी उरले असेल तर हा कायदा लागूच होत नाही. पंधरा-सोळा वर्षे हप्ते भरून शेवटी अडकलेल्या माणसासाठी ही तरतूद आहे.

साठ दिवस उलटले की सांकेतिक ताबा: दारावर नोटीस, वर्तमानपत्रात चौकट. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते. त्यांनी तीस दिवसांत, फार तर साठ दिवसांत आदेश द्यावा अशी मुदत आहे. इथे कर्जदाराची बाजू ऐकण्याची सोय कायद्यात नाही, आणि ‘कलेक्टरसाहेबांना भेटून थांबवू’ असे सांगणारा माणूस एकतर अजाण असतो किंवा पैसे काढणारा. दाद मागायची ती कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, बँकेच्या कारवाईपासून ४५ दिवसांच्या आत. मुंबईच्या तीन न्यायाधिकरणांपैकी तिसरे वाशीला बसते. वीस लाखांच्या थकबाकीसाठी अर्जाचे शुल्क साडेसात हजार रुपये होते. वकिलाची फी वेगळी, आणि प्रत्येक तारखेला बदलापूरहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्सहार्बरने वाशी, म्हणजे एका दिवसाचा रोज बुडतो. न्यायाधिकरण पाहते काय? नोटीस नीट बजावली का, साठ दिवस दिले का, हरकतीला उत्तर दिले का, मूल्यांकन झाले का, विक्रीआधी तीस दिवसांची सूचना दिली का. मॅथ्यू वर्गीस प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तीस दिवसांची मुदत काटेकोर मानली. त्यात खोट सापडली तर कारवाई रद्द होते, पण बहुधा बँकेला ती नव्याने करता येते. स्थगिती मिळाली तरी अनेकदा काही रक्कम भरण्याच्या अटीवर मिळते. कर्ज फेडून घर सोडवण्याचा हक्कही २०१६ च्या दुरुस्तीनंतर आखडला: विक्रीची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच तो टिकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स प्रकरणात ठामपणे सांगितले. लिलावाच्या आदल्या दिवशी गावाकडची जमीन विकून पैसे घेऊन आलेला मुलगा कायद्याच्या नजरेत उशिरा आलेला असतो.

तरीही न्यायाधिकरणापर्यंत जायचेच असेल तर एक दार जवळपास कुणाला माहीत नसते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत ‘न्यायालय’ म्हणजे न्यायाधिकरणसुद्धा येते. आता हे गृहकर्जाच्या कागदांशी जुळवून पाहा. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून महिलेच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पंतप्रधान आवास योजनेतही घरातल्या स्त्रीच्या नावावर भर होता. त्यामुळे या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांत पत्नी किंवा आई ही मालक किंवा सहकर्जदार असते. नोटीस तिलाही आलेली असते. ती स्वतःच्या नावाने ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करू शकते. १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. हीच प्राधिकरणे लोकअदालत भरवतात आणि दावा दाखल होण्याआधीची थकबाकीची प्रकरणे तिथे तडजोडीसाठी घेतली जातात. मी तर म्हणेन, या तीन शहरांत घर वाचवण्याच्या कामी सर्वांत मोठे न वापरलेले साधन म्हणजे सहकर्जदार म्हणून सही केलेली स्त्री.

उल्हासनगरची गाठ याहून अवघड आहे. इथल्या बेकायदा इमारतींवर उच्च न्यायालयाने पाडकामाचे आदेश दिले, मग राज्य सरकारने २००६ मध्ये खास उल्हासनगरसाठी नियमितीकरणाचा कायदा केला, आणि तरीही प्रश्न सुटला नाही. मे २०२१ मध्ये एकाच महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे मेली, त्यानंतर कितीतरी इमारती धोकादायक ठरल्या. अशी इमारत रिकामी करायला लागलेला कर्जदार एकीकडे भाडे भरतो आणि दुसरीकडे नसलेल्या घराचा हप्ता. घर राहण्यालायक नाही म्हणून कर्ज माफ होत नाही. हे ऐकायला क्रूर वाटले तरी करार तसाच असतो. पण अशा तारणाला लिलावात गिऱ्हाईक मिळणे कठीण हे संस्थाही जाणून असते, आणि म्हणून याच जागी कर्जदाराला वाटाघाटीत थोडे बळ आहे. रक्कम खाली आणून एकरकमी फेड, किंवा पुनर्विकास होईपर्यंत हप्त्यांची पुनर्रचना, अशी मागणी एकट्याने न करता सोसायटीतल्या त्याच संस्थेच्या सगळ्या कर्जदारांनी मिळून करावी. एकरकमी तडजोड हा मात्र हक्क नाही. बिजनोर नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले की न्यायालय बँकेला ती करायला भाग पाडू शकत नाही. बदलापुरात उल्हास नदीच्या काठच्या वस्त्यांनी २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले. तिथे मिळकतीच्या विम्याचा दावा वेळेत करणे आणि आपत्तीच्या काळात रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँकेकडे हप्त्यांची सवलत मागणे, या दोन गोष्टी चिखल उपसतानाच सुरू करायला हव्यात.

या सगळ्यावर एक मूलभूत आक्षेप आहे आणि तो टाळणे अप्रामाणिक ठरेल. बँकेतला पैसा बँकेचा नसतो, ठेवीदारांचा असतो. निवृत्त शिक्षकाने, रिक्षावाल्याने ठेवलेला असतो. थकबाकीदाराला वाट करून दिली तर नियमित हप्ते भरणाऱ्याने मूर्ख ठरायचे का? या आक्षेपातला पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. सहकारी बँका बुडाल्यावर ठेवीदारांचे काय हाल होतात ते महाराष्ट्राने पाहिले आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. लवकर केलेली पुनर्रचना किंवा मालकाने स्वतः केलेली विक्री यात ठेवीदाराचा पैसा जास्त आणि लवकर परत येतो. वर्षानुवर्षे कुलूप लागून सडणाऱ्या आणि पडेल भावात गेलेल्या फ्लॅटमधून कमी येतो. जाणूनबुजून बुडवणारे असतातच. पण ज्याला बुडवायचे असते तो पहिल्या महिन्यात शाखेत जाऊन उत्पन्नाचे कागद पुढे ठेवत नाही. लवकर येऊन बोलणे ही प्रामाणिकपणाची एक चाळणीच आहे. ‘परवडत नव्हते तर कर्ज घेतले कशाला’ असेही विचारले जाते. परवडते की नाही हे ठरवून मंजुरी देण्याचा धंदा संस्थेचा आहे आणि त्यासाठी ती प्रक्रिया शुल्क घेते. अंदाज चुकला तर जबाबदारीही दोघांची.

सगळी कर्जे या एका कायद्याखाली येत नाहीत, एवढे इथे नोंदवायला हवे. पतसंस्थेला सरफेसीचा अधिकार नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेते आणि त्याविरुद्ध कलम १५४ चा अर्ज करायचा तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते, म्हणून दाखला निघण्यापूर्वी निबंधकासमोर हजर राहणे महत्त्वाचे. खासगी सावकाराने कर्जापोटी घर लिहून घेतले असेल तर महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ चे कलम १८ आहे: बेकायदा सावकारीतून गेलेली मिळकत पंधरा वर्षांच्या आतली असेल तर जिल्हा निबंधक चौकशी करून ती परत देण्याचा आदेश देऊ शकतो. वसुलीचे लोक सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करत असतील, शेजाऱ्यांसमोर अपमान करत असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाचा तो भंग आहे. तक्रार आधी संस्थेकडे लेखी, तीस दिवसांत समाधान न झाल्यास बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि गृहवित्त कंपनीविरुद्ध राष्ट्रीय आवास बँकेकडे. या दोन्हींना शुल्क नाही. आगाऊ पैसे घेऊन ‘कर्ज निम्म्यात मिटवून देतो’ म्हणणाऱ्यांपासून मात्र चार हात दूर राहावे. ते अनेकदा हप्ते थांबवायला सांगतात आणि ते नव्वद दिवस तेच खाऊन टाकतात.

मग नव्वद दिवसांत माणूस मदतीपर्यंत का पोहोचत नाही? लाज हे एक कारण आहे, कुटुंबापासून लपवणे हे दुसरे, पण मोठे कारण साधे आहे: जाऊन बसावे अशी जागाच नाही. शाखेतला अधिकारी वसुलीच्या आकड्यांना बांधलेला, गृहवित्त कंपनीचे कर्ज खाते बघणारे कार्यालय दुसऱ्याच शहरात, पत्रे इंग्रजीत. वास्तविक गृहवित्त कंपन्यांसाठीच्या न्याय्य व्यवहार संहितेत कर्जदाराला समजेल अशा भाषेत पत्रव्यवहार करण्याचे बंधन आहे, म्हणजे बदलापुरात मराठीत आणि उल्हासनगरात मराठी, हिंदी किंवा सिंधीत मागता आले पाहिजे. सल्ल्याची व्यवस्था उभारायला नवा कायदा लागत नाही. ठाणे जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ महाराष्ट्र आहे. आर्थिक साक्षरता केंद्रे चालवणे हे अग्रणी बँकांच्या कामातच येते. विधी सेवा प्राधिकरणाकडे प्रशिक्षित विधी स्वयंसेवक असतात. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून ग्राहकांची बाजू लढते आहे आणि २०१८ पासून महारेराच्या सलोखा मंचात बिल्डर आणि ग्राहक यांना समोरासमोर बसवते. तसाच सलोखा कर्जदार आणि कर्ज देणाऱ्या संस्थेत का होऊ नये? उल्हासनगर महापालिका आणि अंबरनाथ, बदलापूरच्या नगरपरिषदा यांनी एकेक खोली द्यावी, अग्रणी बँकेने एक जाणता निवृत्त अधिकारी बसवावा, विधी सेवा समितीने एक स्वयंसेवक. कामाचे स्वरूप ठरलेले: मंजुरीपत्र वाचणे, खात्याचा उतारा तपासणे, विमा शोधणे, कोणत्या तारखेला खाते एनपीए होईल ते काढून देणे, मराठीत अर्ज लिहून पोच घ्यायला सांगणे. विरोधात कुणी म्हणेल की असे कक्ष सुरू होतात आणि ओस पडतात. ओस पडतात कारण ते सकाळी दहा ते पाच उघडे असतात, आणि त्या वेळी या शहरांतला हप्ते भरणारा माणूस मुंबईत कामावर असतो. हा कक्ष संध्याकाळी सात ते नऊ आणि रविवारी सकाळी, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी उघडा हवा.